काळी वाळू आणि मायचे गुडघे

माय सुरतला आली तेव्हा स्टेशनचा जिना उतरायला तिला अर्धा तास लागला. एक पायरी, मग कठड्याला धरून उभी. दुसरी पायरी, पुन्हा उभी. मागून येणारी माणसं तिच्यावर वैतागत होती आणि मी त्या माणसांवर. वडील जाऊन वर्ष झालं होतं. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात ती एकटी राहत होती. शेजारणीने निरोप पाठवला, तुझी माय आता पाणी आणायला बसत बसत जाते. म्हणून मी तिला पांडेसऱ्याच्या माझ्या खोलीवर घेऊन आलो. खोलीत मी, बायको आणि दोन मुली होतो. आता माय.

मी साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये कलर किचनला होतो. नाव किचन असलं तरी तिथे शिजत काही नाही. पिंपांत रंग घोटायचे, त्यात गोंद मिसळायचा आणि बादल्या भरभरून छपाईच्या टेबलांकडे पाठवायच्या. मास्तर कागदावर मापं लिहून देई आणि मी रंग बनवी. माझी नखं तेव्हा कधीच नखांच्या रंगाची नसत. धाकटी मुलगी सकाळी माझा हात उलटसुलट करून बघायची आणि आज कोणता रंग चालू आहे ते सांगायची.

गल्लीतल्या डॉक्टरने मायला गोळ्या दिल्या. त्या खाऊन तिचं पोट बिघडलं, गुडघे होते तसेच राहिले. आमची घरमालकीण अस्सल सुरती बाई. एक दिवस दारात उभी राहून ती मायला म्हणाली, "दरियानी काळी रेतीमां पग दाटो, बेन. बधु हारु थई जहे." समुद्राच्या काळ्या वाळूत पाय पुरा, सगळं बरं होईल. तिच्या सासूचे गुडघे म्हणे असेच बरे झाले होते. मला हे सगळं बायकांचं बोलणं वाटलं. पण मायने ते धरून ठेवलं. "आपू कवय जावानं?" रोज संध्याकाळी विचारायची. कधी जायचं आपण?

आमच्या मिलला सुट्टी सोमवारी असायची. तेव्हा एका सोमवारी दोन बस बदलून मी तिला डुमसला नेलं. सुरतेत चौऱ्याण्णव साली प्लेग आला, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचा हिवाळा होता. मायने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही सुरतेत इतकी वर्षं राहून दोनदाच पाहिला होता. सरूच्या झाडांतून आम्ही बाहेर आलो तर समोर पाणीच नाही. काळी वाळू, तिच्यापुढे काळा ओला चिखल आणि कुठेतरी लांब आभाळाला टेकलेली एक रेघ.

"भाऊ, पानी कथं गयं?" माय म्हणाली.

मला काय माहीत. भरती-ओहोटी शाळेत वाचली होती, पण समुद्र एवढा लांब निघून जातो हे कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात चिखलातून एक बाई चालत आली. साठीची असेल. लुगडं वर खोचलेलं, मांडीपर्यंत चिखल, कमरेला टोपली. मायचा चेहरा बघून ती हसली. "आवहे, बेन. बपोरे आवहे." येईल, दुपारी येईल.

टोपलीत बोटभर लांबीचे मासे वळवळत होते. चिखलावर बेडकासारख्या उड्या मारणारा हा मासा, त्याला तिकडे लेवटा म्हणतात. ती बाई किनाऱ्यावरच्या गावातली होती. रोज ओहोटीला चिखलात शिरून हाताने लेवटे पकडायची आणि बाजारात विकायची. तिने पाण्याच्या डबक्यात पाय धुतले आणि आम्ही कशासाठी आलोय ते विचारलं. मी मराठी-हिंदी-गुजराती एक करून सांगायला लागलो, पण माय आधीच तिच्याशी बोलत होती. आमची अहिराणी आणि तिची सुरती, दोघी एकमेकींच्या सख्ख्या मावसबहिणी. मिलमध्ये दहा वर्षं काढून मला जेवढी गुजराती आली नाही, तेवढी मायला पहिल्या पाच मिनिटांत आली.

त्या बाईनेच जागा निवडली. झाडांपासून थोडी पुढे, जिथे वाळू कोरडी आणि उन्हात तापलेली होती. तिने हातांनी खड्डा केला, मायला बसवलं, पाय सरळ करायला लावले आणि वर वाळू ओढली. ती वाळू काळी आणि जड. हातात घेतली की त्यात बारीक चकचक दिसायची. ऊन ती तव्यासारखं धरून ठेवायची. मायने आधी तोंड वाकडं केलं, मग डोळे मिटले. अर्ध्या तासाने बघतो तर ती बसल्या बसल्या झोपली होती. तिच्या भोवती छोटे छोटे खेकडे बिळांतून बाहेर येत होते आणि वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून ठेवत होते. थोड्या वेळात तिच्या चारी बाजूंनी त्या गोळ्यांची नक्षी तयार झाली. मी तिथून हललो नाही. हललो की ते आत जायचे.

दुपारी पाणी आलं. आवाज न करता चिखल झाकत आलं. माय जागी झाली, पाणी बघून तिने हात जोडले आणि म्हणाली, "मना पाय हालका वाटतस आते."

वाळूने गुडघे बरे होतात का, हे मला आजही माहीत नाही. उन्हाने, शेकाने, घराबाहेर पडल्याने, कशाने ते देव जाणे. पण दोन हिवाळे आणि मधला उन्हाळा आम्ही जवळजवळ दर सोमवारी गेलो. दुसऱ्या हिवाळ्यात माय एकटी भाजीबाजारात जायला लागली. लेवटे पकडणाऱ्या बाईला मी मासी, म्हणजे मावशी, म्हणायचो. ती चिखलातून आली की मायजवळ बसायची. माय तिच्यासाठी घरून भाकरी आणि ठेचा न्यायची. त्या दोघी काय बोलायच्या ते मी कधी नीट ऐकलं नाही. तेव्हा ऐकायला हवं होतं.

मग किनारा बदलायला लागला. एका दिवसात नाही. आम्ही सोमवारी जायचो, म्हणून मला ते आणखी उशिरा कळलं. रविवारची गर्दी मी कधी पाहिली नव्हती, तिची शिळी पंगत तेवढी सोमवारी बघायला मिळायची. आधी भजीवाले दोन-चार होते, ते भजी कागदात किंवा पानाच्या द्रोणात द्यायचे. सोमवारी गायी येऊन ती पानं खाऊन जायच्या, उरलेलं वाळू पोटात घ्यायची. पुढे भजीवाले वाढले. त्यांची रांगच लागली, मक्याच्या कणसांच्या गाड्या आल्या, घोडे आणि उंट आले. पानांच्या जागी थर्माकोलच्या बशा आल्या. पाण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, गुटख्याच्या पुड्या निघाल्या. हे काही गायी खात नव्हत्या, किंवा खात होत्या आणि मरत होत्या. सोमवारी सकाळी किनाऱ्यावर पांढरा पट्टा दिसायचा. लांबून बघणाऱ्याला तो लाटांचा फेस वाटावा.

सुरुवातीला मी मायसाठी जागा साफ करायचो. हाताने बशा गोळा करून बाजूला ढीग करायचो. पुढच्या सोमवारी ढीग नसायचा, वाऱ्याने तो सगळीकडे परत वाटून दिलेला असायचा.

त्यात गाड्या आल्या. माणसं मोटारी आणि जिपा थेट वाळूवर घालून पाण्यापर्यंत न्यायची. सोमवारी वाळूवर चाकांच्या खोल चाकोऱ्या दिसायच्या. त्या चाकोऱ्यांत वाळू दबून घट्ट झालेली, पाय पुरायला खड्डा करावा तर ढेकळं निघायची. खेकडे कमी झाले. एक दिवस माय म्हणाली, "त्या गोळ्या करनारा कथा गयात?" मी म्हटलं, थंडीने आत गेले असतील. मार्च महिना होता.

पहाटे ट्रकही येत. आम्ही एकदा पहिल्या बसने पोचलो तेव्हा चार माणसं फावड्यांनी वाळू भरत होती. शहरात तेव्हा जिथे बघाल तिथे इमारती उठत होत्या. मी त्यांना विचारलं, ही वाळू नेता कुठे? एकाने हिंदीत उत्तर दिलं, "तेरे बाप की है क्या?" घरी येताना बसमध्ये मला दहा उत्तरं सुचली.

प्लेग येऊन गेला तेव्हा अर्धी सुरत रिकामी झाली होती. आम्हीही गावाला पळालो होतो. परत आलो तर थोड्याच दिवसांत शहर ओळखू येईना. रस्ते झाडले जाऊ लागले, उकिरडे उचलले जाऊ लागले, दुकानापुढे कचरा दिसला तर दंड. आमच्या गल्लीतली वर्षानुवर्षं तुंबलेली गटार वाहायला लागली. आमच्या मिलमधले लोकही अभिमानाने सांगायचे, आमची सुरत आता चकचकीत. मीही सांगायचो. पण शहराची हद्द समुद्राच्या बरीच अलीकडे संपत होती. सोमवारी बस त्या हद्दीबाहेर गेली की मला वाटायचं, घर झाडून कचरा अंगणात लोटावा तसं झालंय. आणि तो लोटणारं कुणी एक माणूस नव्हतं, की ज्याच्याशी मी भांडू शकेन. शहरात कागदाचा कपटा टाकायला घाबरणारी माणसं इथे येऊन मोकळी होत होती.

याच्याही पुढची गोष्ट सांगायला मला अजून जड जातं.

लगनसराईच्या आधीचे दिवस होते. मिलमध्ये दोन आठवडे मरून, म्हणजे काळपट लाल, रंग चालू होता, रात्रंदिवस. त्या सोमवारी ओहोटी होती आणि माय वाळूत बसली होती. मी चालत चालत दक्षिणेकडे गेलो, जिथे खाडीचं पाणी येऊन मिळतं त्या बाजूला. चिखलाच्या कडेने एक रेघ गेलेली होती, हातभर रुंद, फेसाळ. सुकलेला फेस तपकिरी होता आणि ओला होता तिथे मरून. मी उकिडवा बसलो, बोट लावलं, वास घेतला. रोजचा वास. रंगाचं पिंप उघडल्यावर येतो तो.

तो आमच्या मिलचा होता असं मी म्हणत नाही. त्या हंगामात सगळ्याच मिलांत मरून चालू होता. बाजाराला जो रंग हवा तो सगळे छापतात. रंगावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण मी रोज संध्याकाळी बादल्या धुऊन ते पाणी मोरीत ओतत होतो. मोरीतून गटारीत, गटारीतून खाडीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. खाडी पुढे कुठे जाते, एवढाच विचार मी केला नव्हता.

मासी टोपली घेऊन चिखलातून येत होती. टोपली जवळजवळ रिकामी. तिने रेघेकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"तारा हाथ पर पण ए ज रंग छे, भाई," ती म्हणाली. तुझ्याही हातावर तोच रंग आहे.

ती टोचून बोलली नव्हती. माझी धाकटी मुलगी सांगायची तसंच तिने सांगितलं. पण मला इतका राग आला, की मी तिच्याशी त्या दिवशी बोललो नाही. मायने भाकरी काढली तेव्हाही लांब उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरला सांगितलं. मास्तर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आपल्या एका मिलच्या मोरीने दरिया रंगतो का? एवढा दरिया!" शेजारच्या मिलमध्ये आमच्या गावचा एक जण होता, त्याने त्याच्या मास्तरला विचारलं. त्याचा मास्तरही हेच म्हणाला. एवढा दरिया! शेठपर्यंत मी गेलो नाही. कुणी म्हणेल, जायला हवं होतं. घरात पाच तोंडं होती.

पण राग कुठेतरी न्यायचा होता, म्हणून एका सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलो. मराठीत लिहिला होता. तो परत केला. शेजाऱ्याकडून गुजरातीत लिहून घेतला आणि सोमवारच्या सुट्टीत पुन्हा गेलो. त्यावर कोणत्या गावाच्या हद्दीतली तक्रार ते लिहा, म्हणाले. किनारा कोणत्या गावाचा आणि पाणी कोणत्या गावाचं, हे मला सांगता येईना. तिसऱ्या वेळी टेबलामागच्या माणसाने अर्ज पूर्ण वाचला. चष्मा काढून त्याने विचारलं, "तमे क्यां नोकरी करो छो?"

मी सांगितलं, मिलमध्ये रंगाला. तो हसला. बाजूच्या टेबलावरच्याला त्याने ते सांगितलं, तोही हसला. मग त्याने शिक्का मारून अर्ज ठेवून घेतला. त्याचं पुढे काहीच झालं नाही. मला शिक्क्याची प्रत मिळाली होती, ती बरीच वर्षं ट्रंकेत होती.

त्याच हिवाळ्यात आमच्या खान्देशी मंडळींनी डुमसला सहल काढली. माझा मेव्हणा त्यात पुढे होता. तो नव्यानेच सुरतेत येऊन लूमवर लागला होता आणि त्याला सगळ्यात पुढे राहायची हौस. रविवार ठरला. मी खाडा करून गेलो, कारण मायने हट्ट धरला. तिला आपली माणसं आणि आपली जागा, दोन्ही एकत्र बघायची होती. मी तो रविवार पहिल्यांदा पाहिला. वाळू दिसत नव्हती. माणसं, गाड्या, पतंग, घोडे, कढयांचा धूर. मायला बसायला जागा मिळाली ती थेट झाडांच्या मुळाशी.

जेवण झालं. वांग्याचं भरीत, पुऱ्या, जिलेबी. बायका बोलत बसल्या, पोरं पाण्याकडे पळाली. मेव्हण्याने सगळ्यांच्या बशा गोळा केल्या. मला बरं वाटलं. मग त्याने तो गठ्ठा सरूच्या झाडामागे नेऊन टाकला आणि हात झटकले.

"अरे, तिथे काय टाकतोस?" मी ओरडलो.

"मग कुठे टाकू, जिजाजी?"

"पिशवीत भर, घरी नेऊ."

तो हसायला लागला. "उष्ट्या बशा बसमधून घरी नेऊ? बघा ना आजूबाजूला. आपल्या वीस बशांनी काय होणारंय?"

आजूबाजूला तसंच होतं. त्याचं चूक नव्हतं. पण माझ्या डोक्यात दोन मास्तर आणि तो चष्मेवाला एकदम बोलायला लागले. एवढा दरिया! मी त्याची कॉलर धरली. सगळ्या मंडळींसमोर, त्याच्या बहिणीसमोर. काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही, एवढं आठवतं की त्याच्या गावाचा उद्धार केला. तो माझ्या बायकोचाही गाव. मेव्हण्याने माझा हात सोडवला आणि शांतपणे म्हणाला, "मिलमध्ये शेठची कॉलर धरा ना."

माय झाडाखालून म्हणाली, "तू काब्र वरडस त्यासवर? ऱ्हाऊ दे." का ओरडतोस त्यांच्यावर, राहू दे.

बशा मी उचलल्या. एकट्याने. पिशवी नव्हती म्हणून मायच्या शालीत बांधल्या. बसमध्ये कुणी माझ्याशेजारी बसलं नाही. मेव्हणा वर्षभर आमच्या घरी आला नाही, आणि बायको त्या वर्षात माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्या बशा मी कुठे टाकल्या तेही मला सांगता येणार नाही. स्टेशनजवळच्या एका पेटीत बहुतेक.

एवढं होऊनही आम्ही सोमवारी जात राहिलो. माय म्हणायला लागली होती, की वाळू आता पूर्वीसारखी गरम लागत नाही. "थंडी पडी गयी रेती," म्हणायची. मला ते खरं वाटलं. दबलेली, ओली, तेलकट वाळू, ती काय तापणार. पावसाळ्यानंतर डांबराचे काळे गोळे किनाऱ्याला लागलेले असायचे, ते टाचेला चिकटले की घासलेटाशिवाय निघत नसत. मी म्हटलं, सगळी वाळूच मेली. आणि मी आणखी तास बसू द्यायचो तिला, आणखी खोल पाय पुरायचो, की शेक लागावा.

एका सोमवारी तिचे पाय बाहेर काढले तर डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाखाली वाळू ओली होती. मला वाटलं पाणी. ते रक्त होतं. सोड्याच्या बाटलीची काच तळव्यात रुतून बसली होती, नखाएवढी. मी घाबरून ओढली. माय माझ्याकडे बघत होती.

"दुखस का?" मी विचारलं.

"नही. माले काही कळनं नही."

मासीने आपल्या पदराची चिंधी फाडून बांधली. घरी येऊन हळद लावली. जखम भरेना. दहा दिवसांनी बोट काळं पडलं तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तळव्याला टाचणी लावली. माय दुसरीकडे बघत होती, तिला टाचणी लागलेलीच कळली नाही.

"यांना साखर आहे, किती वर्षं आहे?" बाईंनी विचारलं.

कुणाला माहीत होतं? कुणी कधी तपासलंच नव्हतं.

"पाय बधिर झालेत यांचे. आणि तुम्ही वाळूत पुरत होता? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी घरमालकिणीचं नाव घेतलं नाही. वाळू थंड झाली नव्हती, किंवा एवढी थंड झाली नव्हती. मायच्या पायांना उष्णता कळेनाशी झाली होती, आणि मी मात्र सगळा दोष किनाऱ्यावर टाकून मोकळा झालो होतो. किनाऱ्यावर राग काढायची मला इतकी सवय झाली होती, की घरच्या माणसाचा पाय बघायचा राहून गेला. तरीही काच कुणीतरी फोडली होती. कुठल्यातरी रविवारी, हसत हसत. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही मिळून मायचं एक बोट गेलं.

दवाखान्यातून आल्यावर मी एकटा डुमसला गेलो. कशाला गेलो ते मला माहीत नाही. बाटल्या फोडणारा सापडणार नव्हता. मासीला शोधलं तर ती चिखलात नव्हती. भजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला पोतं अंथरून बसली होती. समोर घमेल्यात बर्फ आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या.

"हे काय, मासी?"

"लेवटा नथी मळता हवे, दीकरा. मळे तो घासलेट जेवा गंधाय. कोई लेतुं नथी." मिळत नाहीत आता. मिळाले तर घासलेटसारखे वास मारतात, कुणी घेत नाही.

तिच्या पोत्यापुढे रिकाम्या पिशव्यांचा खच पडला होता. लोक पाणी प्यायचे, पिशवी तिथेच टाकायचे, ती बघत बसायची. मी म्हटलं, निदान ह्या तरी गोळा कर. माझा आवाज चढला होता. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कचेरीतल्या त्या चष्मेवाल्याकडे बघितलं असेन. मग तिने विचारलं, "बेनने केम छे?" बोट कापल्याचं सांगितलं. ती रडली. मी तिच्याकडून पाण्याची एक पिशवी घेतली, प्यायलो आणि रिकामी पिशवी खिशात घातली. खिसा ओला झाला.

पुढची दोन-तीन वर्षं मी मायला नेलं नाही. ती विचारायची, मी टाळायचो. साखरेच्या गोळ्या चालू होत्या, गुडघे पुन्हा धरले होते, घरातल्या घरात ती भिंत धरून चालायची. दशक संपत आलं होतं. एका सोमवारी ती काही बोलली नाही, नुसती सकाळी अंघोळ करून, चांगलं पातळ नेसून खाटेवर बसून राहिली. बायको म्हणाली, "अहो, न्या ना एकदा. पाय पुरू नका, नुसतं बसवा."

मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट मायच्या पायात घातले, दोन जोड मोजे घालून. किनाऱ्यावर सिमेंटची बाकं झाली होती. एका बाकावर बसलो. भरती होती. पाणी जवळ होतं, गढूळ, काठाला फेस आणि फेसात बशा हेलकावत होत्या. मायने बराच वेळ ते बघितलं. मासीबद्दल विचारलं. मी चौकशी केली. पाण्याच्या पिशव्या विकणारी दुसरीच बाई होती, तिने सांगितलं की म्हातारी मुलीकडे राहायला गेली, कुठे ते माहीत नाही.

मायला भूक लागली. मी टोमॅटोची भजी आणली, थर्माकोलच्या दोन बशा. तिने तिच्या वाटची खाल्ली, माझ्यातलीही दोन घेतली. मग मी बशा टाकायला पेटी शोधली. बाकं केली होती, पण पेटी कुठे दिसेना. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन आलो. भजीवाल्याला विचारलं, त्याने समुद्राकडे हात केला. मी परत येऊन मायजवळ बसलो. इतकी वर्षं झाली होती, भांडायलाही जोर उरला नव्हता.

बशा एकात एक घालून दोन बस बदलत घरी आणल्या. बायको म्हणाली, "हे कशाला आणलंत?"

"तिथे पेटी नव्हती."

मी बशा दारातल्या डब्यात टाकायला निघालो तर माय म्हणाली, आण इकडे. तिने खाटेवर बसल्या बसल्या त्या माझ्याकडून तांब्याभर पाण्यात धुऊन घेतल्या, पदराने पुसल्या आणि खिडकीत वाळत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यात लसूण ठेवला. माय गेली तेव्हाही आमचा लसूण त्याच बशांत होता. त्यांना तोवर साधा तडासुद्धा गेला नव्हता.